माझ्या डोक्यावरच्या चार शपथा

आमच्या घरात दारू सोडायची एक पद्धत होती आणि तिला माझं डोकं लागायचं. डॉक्टर लागत नसे, औषध लागत नसे. घरच्यांनी सतरंजीवर बसायचं, मोठ्यांनी चार शब्द सुनवायचे, मला हाक मारायची, आणि वडलांनी माझ्या डोक्यावर उजवा हात ठेवून म्हणायचं, "हिची शपथ, आजपासून थेंब घेणार नाही." मग सगळ्यांनी चहा प्यायचा. या प्रकाराला आमच्याकडे बैठक म्हणत. बांधाचं भांडण, मोडलेली सोयरीक, भावकीतला अबोला, सगळं बैठकीत मिटायचं, मग दारू का मिटणार नाही, असा सगळ्यांचा सरळ विचार होता.

वडलांना आम्ही नाना म्हणायचो. ते सरकारी मोजणीच्या कामाला होते. गावोगाव जायचं, शेतात साखळी ओढायची, हद्दीचे दगड दाखवायचे, नकाशा काढायचा. मोजणीच्या दिवशी ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण असे, कोंबडं कापलं जाई, आणि ताटं वाढायच्या आधी बाटली निघे. "साहेब, आमचा मान ठेवा." नाना भिडस्त माणूस. लोकांचा मान ठेवता ठेवता आठ-दहा वर्षं गेली आणि मग मोजणी नसेल त्या दिवशीही त्यांना बाटली लागू लागली. आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहायचो. दोन खोल्या, पुढे लोखंडी फाटक, फाटकाशी मी.

पहिली शपथ झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट होते आणि त्यासाठी आम्ही पारोळ्याजवळच्या गावी गेलो होतो, नानांच्या थोरल्या भावाकडे. त्यांना सगळे आबा म्हणत. रोटांना सगळी भावकी जमते. ज्या गव्हाचे रोट करायचे तो गहू आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ काढतात. आबांची मूठ निघाली, नानांची निघाली, चुलत्यांच्या निघाल्या, चार वर्षांच्या माझ्या धाकट्या भावाचीसुद्धा निघाली. माझी निघाली नाही, कारण मुलींची निघत नाही. याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. नाना त्याच संध्याकाळी देवीपुढे पिऊन आले आणि दुसऱ्या दिवशी बैठक बसली. मुठीला नको असलेली मी तिथे मात्र सगळ्यांना आठवले.

आबा म्हणाले, "आंडेरना डोकावर हात ठेव आन बोल." आंडेर म्हणजे लेक. नानांचा हात जड होता, गरम होता आणि त्याला तंबाखूचा वास येत होता. ते बोलले. आई पदराने डोळे पुसत होती आणि मला वाटलं, मी काहीतरी मोठं काम केलं. चुलत बहिणीने मागच्या दारी नेऊन मला बाकीचं सांगितलं. शपथ मोडली तर ज्याची घेतली तो मरतो.

ती शपथ पोळ्यापर्यंत टिकली.

पोळ्याच्या संध्याकाळी नाना फाटकातून आत आले आणि मला वास आला. मी आत जाऊन गोधडी अंगावर घेतली आणि ताप यायची वाट पाहिली. ताप आला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, पण रस्ता ओलांडताना दर वेळी वाटे, आता ट्रक येईल. दोन महिने गेले, मी काही मेले नाही, तर पुन्हा बैठक बसली आणि दुसरी शपथ झाली. मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी मोठी माणसं तितकीच गंभीर आणि चहा तितकाच गोड. आधीच्या शपथेचं काय झालं, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, तसली ती तऱ्हा. पिणारे नाना, आणि मरणाला बांधलेली मी.

तीन वर्षं मी रोज संध्याकाळी सहाला फाटकाशी उभी राहून वडलांचा वास घेतला. शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरीला बापाची किती माया. माझी कंपासपेटी नवी होती, ती मी वर्गातल्या मैत्रिणीला देऊन टाकली. सातवीच्या सहामाहीत गणिताचा पेपर अर्धा कोरा सोडला. मरणाऱ्या माणसाने अपूर्णांक कशाला शिकायचे? गुण पाहून आईने मला लाटण्याने मारलं. अभ्यास का केला नाहीस म्हणून मारलं, पण का केला नाहीस हे विचारलं नाही.

चौथी शपथ मोडल्यावर आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून एका बाबाकडून पुडी आणली. न सांगता खायला घालायची, की दारूची किळस बसते. तिने ती वांग्याच्या भरतात कालवली. नाना त्या दुपारी आधीच घेऊन आले होते. भाकरीचे चार घास खाल्ले आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडायला लागली, ओकून ओकून ते मोरीतच आडवे झाले. दवाखान्यात तीन दिवस होते. तिथल्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेतलं. पुडीबद्दल झापलं आणि म्हणाले, "आता पुड्या नकोत आणि शपथाही नकोत. धुळ्याला दारू सोडवायचं केंद्र आहे, तिथे बोलायला बसवतात. यांचं दुखणं दारूचं आहे आणि मनाचंही आहे. दोन्ही धरून उपचार करा."

बोलायला बसवतात, हे ऐकून आईला वाटलं, बैठकच की. तिने आबांना निरोप धाडला. आणि आबांचा उलटा निरोप आला, "पोरले बी संगे लई या."

मला का न्यायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जळगावातही असं कुणी असेल, पण आम्ही चौकशीसुद्धा केली नाही. जळगावात कुणी पाहिलं असतं. कॉलनीत सांगितलं की नानांच्या दातांसाठी धुळ्याला चाललो आहोत. शेजारच्या काकूंनी लवंगेच्या तेलाची बाटली आणून दिली, ती नानांनी निमूटपणे घेतली. त्यांचे दात उत्तम होते, म्हातारपणी त्याच दातांनी ते ऊस खायचे. भावाला फैजपूरला मामाकडे ठेवलं होतं. असल्या ठिकाणी त्याला कशाला न्यायचं, असं आई म्हणाली. सकाळी तिने माझ्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं आणि घट्ट दोन वेण्या घातल्या. एवढं तेल ती सणाला घालायची.

एसटी एरंडोलवरून पारोळ्याला आली. नानांनी दोन्ही हात पिशवीत घातले होते, कारण ते थरथरत होते आणि तिकीट काढताना कंडक्टरने पाहिलं होतं. पारोळ्याच्या स्टँडवर आबा चढले, बरोबर दोन चुलते, तिघांच्या डोक्याला टोप्या. सोयरीक बघायला निघाल्यासारखी मंडळी. आबांनी नानांकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "उनी का पोर?" म्हणजे आली का, आणि खिशातून गोळी काढून दिली. मी ती खिडकीतून फेकली.

केंद्र म्हणजे एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेर बाक, माठ, माठावर पालथा पेला. मी मनात काय काय रंगवलं होतं. गज असतील, विजेच्या तारा असतील, कुणी ओरडत असेल. तिथे एक माणूस बाकावर बसून पेपर वाचत होता आणि आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. आईला वाटत होतं गोळी मिळेल. आबांना वाटत होतं की आपल्याहून वरचा कुणी न्यायाधीश असेल, त्याच्यापुढे आपण कैफियत मांडू. नानांना वाटत होतं की अपमान होईल. त्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

आत एक बाई बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, चष्म्याला दोरी, हातात पेन्सिल. नाव, गाव, काम, घरात कोण कोण, हे लिहून घेतलं. मग पेन्सिल खाली ठेवून त्यांनी नानांना विचारलं, "तुम्हाला स्वतःला इथे यावंसं वाटलं होतं का?"

नानांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "त्याले काय इचारतस? माले इचारा. मी याना मोठा भाऊ शे."

"तुमचं ऐकणार आहे, आबा. आधी त्यांचं ऐकते."

नाना काही बोलले नाहीत. बाईंनी घाई केली नाही. चुलते खाकरले, आई पदर सारखा करू लागली. आमच्या घरात एवढा वेळ कुणी गप्प बसलं की समजायचं, आता मार बसणार. इथे कुणी कुणाला मारलं नाही. मग बाईंनी सोपं सोपं विचारलं. झोप लागते का, जेवण जातं का, सकाळी उठल्यावर कसं वाटतं. कधीपासून घेता, रोज किती, नाही घेतली तर काय होतं. नाना एकेका शब्दात उत्तरं देत होते. मग बाईंनी त्याच आवाजात विचारलं, "जीव द्यावा असं कधी वाटतं का?"

आईने "अगं बाई" म्हणून तोंडावर हात नेला. नाना म्हणाले, "सकाळी वाटतं. मोजणीला गेलो आणि शेतात विहीर दिसली की वाटतं."

आबा हसले. "खाईपीसन सुखी शे. याले काय दुख शे?"

मला मात्र ते विहिरीचं वाक्य लागलं. तीन वर्षं मी फक्त माझं मरण धरून बसले होते. घरात आणखी एक माणूस मरणाची वाट पाहत होता आणि मला पत्ता नव्हता. पण कीव आली म्हणाल तर आली नाही. उलट वाटलं, यांना मरायचं होतं तर माझं डोकं कशाला घेतलं?

बाईंनी पुढे काय होईल ते सांगितलं. एकदम दारू तोडली तर शरीर बिघडतं, म्हणून आधी डॉक्टर बघतील आणि काही दिवस औषधावर ठेवतील. उदासीसाठी वेगळी गोळी लागेल, तिचा गुण यायला वेळ जातो. दर गुरुवारी यायचं, पिऊन यायचं नाही. घरचं एक माणूस बरोबर हवं, पण सगळी भावकी नको. मधे पाय घसरेल, बहुतेकांचा घसरतो, तेव्हा लपवायचं नाही, येऊन सांगायचं. इथे बोललेलं इथेच राहील. सहा आठवड्यांनी पुढचं ठरवू.

आबांना हे सहा आठवडे सोसले नाहीत. ते उठले. "सहा आठवडा? आम्ही एक बठकमा मिटाडी देतस. बाई, तुम्ही साक्षीले ऱ्हा." आणि त्यांनी माझा दंड धरून मला ओढलं, नानांसमोर उभं केलं, दुसऱ्या हाताने नानांचं मनगट धरलं आणि तो थरथरता हात माझ्या तेल चोपडलेल्या डोक्याकडे आणला. "बोल. आते हाई बाईना सामने बोल."

मी आबांच्या हाताला चावले.

नुसती चावले नाही, दात रुतवले. आबा ओरडले. चुलते उठले, आई मला ओढू लागली. आबांनी हात उगारला तेव्हा बाई म्हणाल्या, "हात खाली घ्या." आवाज चढवला नव्हता, पण हात खाली आला. मग त्यांनी मला विचारलं, "काय झालं?"

मला तोपर्यंत असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "माझ्या डोक्यावर आधीच चार आहेत."

बाईंना कळलं नाही. आईने खालमानेने सांगितलं, शपथा, चार वेळा, प्रत्येक वेळी मोडली. बाईंनी मघाचा कागद पाहिला. "तुम्हाला मुलं दोन ना? मुलगी आणि मुलगा."

"हो."

"मग चारही शपथा हिच्याच डोक्यावर? मुलाच्या का नाही?"

आबा हात चोळत खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी आई म्हणाली, "तो एकुलता एक आहे ना."

भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज ती म्हणाली. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही त्या क्षणापर्यंत हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. घरात दोन डोकी होती. एक जपून ठेवलं, दुसरं वापरायला काढलं.

आणि तेव्हा नाना बोलले. कुणी न विचारता, त्या दिवसात पहिल्यांदाच. "मीच सांगितलं होतं. पहिल्या बैठकीच्या आधी आबा म्हणत होते पोराच्या डोक्यावर ठेव. मी म्हटलं, पोराच्या नको."

"का?" बाईंनी विचारलं.

"मला माहीत होतं, माझ्याच्याने सुटणार नाही."

म्हणजे शपथ घेतानाच त्यांना ठाऊक होतं. विसरले नाहीत, मोह झाला नाही, मित्रांनी पाजली नाही. मोडणार हे धरूनच त्यांनी माझं डोकं निवडलं होतं. वर्षानुवर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवणाऱ्या माणसाने पोटच्या दोन पोरांमध्येही हद्द आखली होती आणि मला पलीकडे ठेवलं होतं. मी रडले नाही. आता त्यांनाही चावावंसं वाटलं.

मला वाटलं, बाई त्यांच्या मुस्काटात मारतील. निदान खडसावतील. बाईंनी पेल्यातून पाणी दिलं, आधी मला, मग नानांना. आबांना आणि चुलत्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. आबा जाताना म्हणाले की बायकांच्या राज्यात न्याय नसतो. बाई नानांना म्हणाल्या, "आज तुम्ही खरं बोललात. हे सोपं नव्हतं. पुढच्या गुरुवारी या."

एवढंच? मला बाईंचा इतका राग आला की सांगता येत नाही. एवढं ऐकून ही बाई त्यांचं कौतुक करते? पण मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट आजपासून. हिच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही. शपथेला नाही, आशीर्वादाला नाही, लाडानेही नाही. ती ठेवा म्हणेल तेव्हाच." नाना "बरं" म्हणाले. मी मनात म्हटलं, मग तर कधीच नाही.

गुरुवार सुरू झाले. नानांचं झालं की बाई मला पंधरा मिनिटं आत बोलवायच्या. पहिले तीन गुरुवार मी त्यांच्या टेबलावरची पेन्सिल पाहत बसले. त्यांनी मला गोळ्या-बिस्किटं दिली नाहीत, लाडीगोडी लावली नाही, विसरून जा म्हणाल्या नाहीत. चौथ्या गुरुवारी मी म्हणाले, "मला त्यांचा राग येतो."

"सांग."

मी सांगायला लागले ती थांबेनाच. गोधडी, ट्रक, कंपासपेटी, कोरा पेपर, लाटणं, रोटाची मूठ. पंधरा मिनिटांचा पाऊण तास झाला आणि बाहेर आईने दोनदा दार ढकलून पाहिलं. शेवटी बाईंनी विचारलं, "चार शपथा मोडल्या. तू जिवंत आहेस. मग त्या शपथांबद्दल तुला काय वाटतं?" मला काय वाटायचं? मी म्हणाले, "खोट्या होत्या." ते तोंडातून निघाल्यावर मला आधी हलकं वाटलं आणि लगेच पुन्हा संताप आला. एवढी साधी गोष्ट सांगायला धुळ्याला यावं लागलं. बैठकीत बारा मोठी माणसं असायची, त्यातल्या एकानेही मला जवळ घेऊन म्हटलं नाही, पोरी, असं काही नसतं. कारण त्यांनाही ते खरंच वाटत होतं. मला पणाला लावलंय हे माहीत असून ते चहा पीत होते.

आईवरही मी बसमध्ये भडकायची. ती म्हणायची, "माझ्या हातात काय होतं गं?" लाटणं होतं, मी म्हणायची. बाईंनी पुढे तिलाही वेगळं बसवायला सुरुवात केली. ती काय बोलायची मला माहीत नाही, तिने कधी सांगितलं नाही. पण त्या वर्षी वार्षिक परीक्षेआधी तिने मला नवी कंपासपेटी आणून दिली आणि जुनी कुठे गेली ते विचारलं नाही.

नानांचा पाय घसरला. तिसऱ्या महिन्यात घसरला आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकदा. पहिल्यांदा घसरला तेव्हा मी फाटकाशी होते. सवय गेली नव्हती. ते फाटकाबाहेरच थांबले आणि म्हणाले, "आज घेतली. गुरुवारी सांगेन." बैठक बसली नाही. मला कुणी हाक मारली नाही. मी आत गेले, गोधडीकडे पाहिलं आणि पानावर बसले. त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या. गुरुवारी नानांनी खरोखरच सांगितलं आणि बाईंनी विचारलं, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सगळं सांगा. नुसतं तेवढंच. मला अजूनही वाटतं, एखादी थप्पड चालली असती.

दुसऱ्यांदा घसरले त्यानंतर मात्र त्यांनी घेतली नाही. उदासीच्या गोळ्या पुढे दोन वर्षं चालल्या. मोजणीच्या जेवणाला ते घरून डबा नेऊ लागले. लोक म्हणायचे, साहेब माजले, आमचं अन्न चालत नाही. आबा वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत, मनगटावरचा माझ्या दातांचा वण मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. पुढच्या कानबाईला भावकी जमली तेव्हा नानांना शुद्धीत पाहून आबा सगळ्यांना सांगत होते, "आम्ही बठ्ठा बठनूत म्हनीसन सुटनी." म्हणजे सगळे बैठकीला बसलो म्हणून सुटली. कुणी हसलं नाही. मी पाण्याचे तांबे भरत होते, त्यातला एक मी मुद्दाम जोरात आपटला.

नानांनी माझ्या डोक्याला हात लावला नाही. मी दहावीला पास झाले तेव्हा पेढा हातावर ठेवला. संक्रांतीला मी पाया पडले की ते हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. पाहुण्यांना विचित्र वाटायचं. एकदा मावशीने विचारलं, लेकीला आशीर्वाद द्यायचा नाही का? नाना म्हणाले, "अजून परवानगी नाही." मावशीला वाटलं चेष्टा करतात.

बारावीनंतर मला धुळ्याला डी.एड.ला प्रवेश मिळाला. तोवर नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. वसतिगृहात राहायचं होतं. जळगावच्या स्टँडवर नाना, आई आणि भाऊ सोडायला आले. भाऊ आता तेरा वर्षांचा, माझी ट्रंक उचलायला झटत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याचं डोकं सगळ्यांनी इतकं जपलं होतं की त्याला कशापासून जपलं हेही कळलं नव्हतं.

तीच बस, एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी. मी आईच्या पाया पडले, मग नानांच्या. ते हात मागे बांधून उभे होते. केस पांढरे झाले होते, शर्ट इस्त्रीचा होता. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "ठेवू का?"

सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं. माझ्या तोंडात "नको" होतं. बाईंना मी कधी वचन दिलं नव्हतं की राग जाईल, आणि तो गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. मी म्हणाले, "ठेवा. पण आधी याच्या."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. नानांनाही कळलं. भावाला काहीच कळलं नाही, तो ट्रंक टपावर चढवायला हमाल शोधत होता. मी नानांच्या हाताकडे पाहत होते. तो मागून पुढे आला, मध्येच थांबला आणि मला वाटलं, हे आताही नाही म्हणतील, आताही याला वाचवतील. मग त्यांनी भावाला हाक मारली आणि त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. नीट ठेवला, बराच वेळ ठेवला. हात थरथरत नव्हता. भाऊ म्हणाला, "नाना, जाते आहे ती, मी नाही."

तोच हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. तोंडातून एक शब्द काढला नाही. हात तसाच जड होता. तंबाखूचा वास मात्र आला नाही.

हा माणूस आता पिणार नाही, हे मला त्या दिवशी पटलं. सहा वर्षांच्या गुरुवारांनी पटलं नव्हतं, गोळ्यांनी पटलं नव्हतं, घरच्या डब्याने पटलं नव्हतं. त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा पटलं, आणि मलाही खात्रीसाठी त्याचंच डोकं लागलं, याचा राग मी धुळ्यापर्यंत गिळत गेले.